बरणी क्र. ४७ : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२४, सांगली

आजपासून नोंदवही. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहालयातल्या, प्राण्यांचे नमुने ठेवलेल्या बरण्यांना नव्याने चिठ्ठ्या लावायचं काम एकदाचं माझ्या गळ्यात पडलं. तासिका तत्त्वावरच्या माणसाच्याच गळ्यात अशी कामं पडतात, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

एकूण बरण्या ११२. त्यातल्या ३१ बिनचिठ्ठीच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या आमच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात होते. बरण्यांची झाकणं मेणानं बंद केलेली, त्यामुळे आतला माल शाबूत. बाहेरचा डिंक मात्र विरघळला. मामांच्या शब्दांत, "मॅडम, बाटली एकबी फुटली न्हाई. चिठ्ठ्या तेवढ्या हरिपूरला गेल्या."

मामा चौतीस वर्षं या प्रयोगशाळेत परिचर आहेत. बरण्या त्यांनी गाळातून काढून धुतल्या आणि ओळीनं परत लावल्या. कुठली कुठं होती ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

पद्धत ठरवली ती अशी. प्रत्येक बरणीच्या गळ्याला दोऱ्यानं आकडा बांधायचा, मग जुन्या जडवस्तू नोंदवहीशी (विभागाच्या सामानाच्या सरकारी यादीशी) ताळा. दिवसभरात २६ बरण्या झाल्या. ऑक्टोपस, सेपिया, कायटन, तारामासा यांना चिठ्ठीची गरजच नाही, ते स्वतःच आपलं नाव सांगतात.

६ जानेवारी

सत्तेचाळीस नंबर. मोठी बरणी, द्रव चहासारखा तपकिरी. आत वीतभर लांबीचा, करड्या-पिवळ्या रंगाचा, चामखिळींनी भरलेला गोळा. रंगावर भरवसा नको. फॉर्मॅलिनमध्ये इतकी वर्षं राहिल्यावर सगळेच प्राणी उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचे होतात.

खिडक्या उघडल्या, हातमोजे चढवले, प्राणी ट्रेमध्ये काढला. लांबी १९ सेंमी. पुढचं टोक निमुळतं, त्यावर दोन गुंडाळलेल्या शिंगांसारखे अवयव, सशाच्या कानांसारखे. हे पाहिलं की 'सी हेअर', म्हणजे समुद्री ससा, हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. ओळख पटली, नोंदवही उघडली : 'अप्लिसिया, १ नग'. यादीत दुसरा समुद्री ससा नाही. म्हणजे ४७ हाच तो. चिठ्ठी लिहूनही टाकली.

तृतीय वर्षाची एक मुलगी मदतीला असते. ती ट्रेभोवती फिरून आली आणि म्हणाली, "मॅडम, पुस्तकातल्या अप्लिसियाला मागनं असं छाटलेलं दाखवत नाहीत."

बघितलं. खरंच छाटलेलं होतं. कृष्णाकाठचं मोठं वांगं घ्यावं आणि देठाकडून विळीवर तिरकं कापावं, अगदी तसं. मागच्या टोकाला साधारण ६ सेंमी रुंदीची तिरपी चकती, तिच्या कडेनं बारीक झालर. पाठीवरून येणारी एक फट या चकतीच्या मध्यावर येऊन पोचते. मी आधी बरणीच्या तळाला दाबून सपाट झालं असेल असं धरलं होतं. पण दाबानं सपाट झालेल्याला झालर येत नाही.

चिठ्ठी फाडली.

९ जानेवारी

निवड करत करत जायचं ठरवलं. उष्ण समुद्रांत सापडणारे समुद्री ससे अनेक. पण आपल्याकडच्या बरण्यांत येण्यासारखे मोजकेच.

बर्साटेला असता तर अंगभर फांद्या फुटलेले धागे दिसले असते. शिवाय त्याच्या प्रौढांना शिंपला नसतो. डोलाब्रिफेरा चपटा असतो, हा तर गुबगुबीत. मग राहिले अप्लिसिया आणि डोलाबेला.

अप्लिसियाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पायाच्या मोकळ्या पाळ्या वर येतात. काही जाती त्या पंखासारख्या हलवून पोहतातही. आमच्या प्राण्याच्या पाळ्या बऱ्याच लांबीपर्यंत एकमेकींना जुळलेल्या आहेत, मध्ये फक्त फट. असल्या अंगाचा प्राणी पोहणार नाही, तो तळाशी सरपटणारच. दिवसा वाळूत अंग पुरून बसायचं आणि रात्री शेवाळं चरायचं, हा डोलाबेलाचा दिनक्रम. जिवंतपणी हिरवट-तपकिरी, ठिपक्या-ठिपक्यांचा. शेवाळाच्या दगडात बसला की दिसणार नाही. मोठे झालेले ४० सेंमीपर्यंत जातात, म्हणजे आमचा मध्यम वयाचा म्हणायचा.

मामांनी ट्रेत डोकावून बघितलं. "ही तर बांधावरची शेंबी की, पावसाळ्यात येती ती. एवढं काय त्यात?" त्यांना म्हटलं, शेंबी म्हणजे गोगलगाय, ती नात्यात आहे, पण किती जवळच्या त्यावर भांडणं झालीत. त्याविषयी पुढे.

१२ जानेवारी

शिंपल्याचा प्रश्न. समुद्री सशाला शिंपला असतो, पण अंगाच्या आत, प्रावरणाखाली (अंगावरच्या कातडीच्या घडीखाली) झाकलेला. अप्लिसियाचा शिंपला पातळ, वाकणारा, जवळजवळ नुसत्या प्रथिनाचा पापुद्रा. डोलाबेलाचा चुन्याचा, कडक, टोकाशी जाड गाठ असलेला. म्हणजे बोटानं चाचपलं की निकाल लागायला हवा.

चाचपलं. पाठीच्या मागच्या भागात काहीतरी हाताला लागतं. कडक आहे का? आहे, पण दाबलं की थोडं दबतं. भिजवून ठेवलेल्या पापडासारखं. आता हा अप्लिसियाचा मऊ शिंपला, की डोलाबेलाचा मऊ पडलेला?

इथे फॉर्मॅलिन आडवं येतं. बफर (आम्लता आवरणारं द्रव्य) न घातलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल होत जातं, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते चुना खातं. म्हणून शिंपलेवाले प्राणी मद्यार्कात ठेवावेत, किंवा फॉर्मॅलिनमध्ये बोरॅक्स घालावा. आमच्या बरणीतल्या द्रवात पीएच कागद बुडवला. रंग ४ च्या आसपास, चांगलंच आम्ल. म्हणजे ज्या पुराव्यावर मी विसंबून होते तो अनेक वर्षं बरणीतच विरघळत पडला होता.

कापून बघायला हात शिवशिवतात. पण एकच नमुना. एकदा चिरला की चिरला. मुलीला म्हटलं, उद्या दुसरं काहीतरी सुचेल.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. काम नाही.

१७ जानेवारी

सुचलं ते मुलीलाच. तिच्या शेजारच्यांचा मिरजेत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे, तिथं एक्स-रेचं यंत्र आहे. प्राणी पाण्यानं धुऊन, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालून, जेवणाच्या मोठ्या डब्यात ठेवला आणि स्कूटरवर मिरज. मिरजेला माणसं काय काय घेऊन दवाखान्यात येतात, त्यात आमचा डबा कुणाच्या डोळ्यावर आला नाही.

डॉक्टरांनी फॉर्मवर 'मालकाचं नाव' विचारलं. मी विभागाचं लिहिलं. 'तक्रार' या रकान्यात त्यांनीच हसत लिहिलं, "ओळख पटत नाही".

पहिली फिल्म काळीच आली. दुसरी कमी जोर लावून काढली. त्यात शरीराची धूसर सावली आणि तिच्या मागच्या भागात स्पष्ट पांढरी खूण. एका टोकाला ठळक गाठ, तिथून रुंद होत गेलेलं वाकडं पातं, कडांकडे फिकट होत नाहीसं झालेलं. कडा आम्लानं खाल्ल्यात; गाठ जाड असल्यामुळे वाचली आहे. नुसत्या प्रथिनाच्या पापुद्र्याची अशी सावली पडत नाही.

लॅटिनमध्ये 'डोलाबेला' म्हणजे छोटी कुदळ किंवा कुऱ्हाड. 'ऑरिक्युलारिया' म्हणजे कानासारखी. पडद्यावर दोन्ही दिसत होतं : कुऱ्हाडीचं पातं म्हणा, की कानाची पाळी म्हणा. नाव ठेवणाऱ्यांनी प्राण्याकडे बघून नव्हे, शिंपल्याकडे बघून नाव ठेवलं, हे त्या क्षणी लख्ख कळलं. त्या काळी युरोपात पोचायचे ते बहुधा शिंपलेच. मऊ अंग वाटेतच कुजायचं.

डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. त्यांना फिल्मची एक प्रत हवी होती, दिली.

१९ जानेवारी

चिठ्ठीवर काय लिहायचं ते आज ठरवायला बसलो आणि तीन तास गेले.

डोलाबेला ऑरिक्युलारिया (लाइटफुट, १७८६). मुलीनं विचारलं, कंस कशाला? हा प्रश्न परीक्षेत कुणी विचारत नाही, पण विचारण्यासारखा आहे. कंस म्हणजे जातीला नाव देणाऱ्यानं ती दुसऱ्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, 'जीनस'मध्ये) ठेवली होती, नंतर कुणीतरी हलवली. इथं तर तारखाच साक्ष देतात : जातीचं नाव १७८६ चं आणि डोलाबेला ही प्रजाती लामार्कनं १८०१ मध्ये केलेली. घर बांधायच्या आधी त्यात राहायला कोण जाईल?

लाइटफुट हे इंग्रज पाद्री आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. पोर्टलंडच्या डचेसबाईंचा शंखशिंपल्यांचा अफाट संग्रह त्या वारल्यावर १७८६ मध्ये लिलावात निघाला, त्याची यादी यांनी केली. म्हणजे या प्राण्याचं शास्त्रीय नाव एका लिलावाच्या यादीतून आलं. आमच्या जडवस्तू नोंदवहीला मी उगाच नावं ठेवत होते.

आता वरचे टप्पे. संघ मृदुकाय, वर्ग उदरपाद, इथवर भांडण नाही. कुल अप्लिसिइडी, इथंही नाही. म्हणजे अप्लिसिया आणि डोलाबेला एकाच घरातले चुलत भाऊ. भांडण मधल्या जागेत आहे.

आमच्या पुस्तकात उदरपादांचे तीन उपवर्ग : कल्ले हृदयाच्या पुढे असणारे, कल्ले मागे असणारे, आणि फुप्फुसवाले. समुद्री ससा दुसऱ्यात, 'ओपिस्थोब्रँकिया'. मी हेच शिकले, हेच शिकवते. यामागची गोष्ट फार सुंदर आहे, म्हणून सोडवत नाही. गोगलगायीच्या अळीचं धड वाढताना १८० अंशांत पिळवटतं. ओला पंचा पिळावा तसं. मागे असायला हवं ते गुदद्वार डोक्यावर येतं, कल्ले पुढे येतात, मज्जातंतूंच्या दोऱ्यांना इंग्रजी आठचा आकार येतो. समुद्री सशात हा पीळ पुढे बराचसा सुटतो. कल्ले परत मागे सरकतात, पण पूर्ण नाही. उजव्या कुशीला अडकतात. आमच्या नमुन्यातही फट किंचित वाकवली तर कल्ल्याची पिसं उजवीकडेच दिसतात. मुलगी दहा मिनिटं भिंगातून तेच बघत होती.

पीळ सुटलेल्या सगळ्यांचा एक गट, हे डोळ्यांना पटणारं होतं. पण पीळ एकापेक्षा जास्त घराण्यांत वेगवेगळा सुटला असेल तर? डीएनए बघायला लागल्यावर तसंच निघालं. २०१० मधल्या मांडणीत जुना गट मोडला. समुद्री ससे 'युओपिस्थोब्रँकिया'त गेले. शेवाळातली हरितलवकं चोरून हिरव्या होणाऱ्या सागरी गोगलगायी मात्र फुप्फुसवाल्यांच्या, म्हणजे बांधावरच्या शेंबीच्या बाजूला जाऊन बसल्या. रंगीबेरंगी उघड्या कल्ल्यांच्या गोगलगायी तिसरीकडे. मामांना सांगितलं की तुमची शेंबी नात्यात आहे, पण आमच्या सशापेक्षा त्या हिरव्यांच्या जवळची. ते म्हणाले, "म्हंजी सोयरीक लांबची."

चिठ्ठीवर जुनं लिहावं की नवं? विद्यापीठाचा पेपर जुन्यावर, शास्त्र नव्यावर. ठरलं असं की गण 'अप्लिसिइडा' लिहायचा, वरचा वादग्रस्त टप्पा गाळायचा. भ्याडपणा आहे, पण चिठ्ठी ७ सेंमीची आहे.

२४ जानेवारी

द्रव बदलला. फॉर्मॅलिनमधून काढून वाहत्या पाण्यात, मग ३०, ५०, ७० टक्के मद्यार्कात टप्प्याटप्प्यानं. घाई केली तर अंग आक्रसतं. मामांनी बरणी उपडी केली तर तळाच्या गाळात जाड कागदाचा एक चौकोनी तुकडा चिकटलेला. त्याला दोरा. बहुधा प्राण्याच्या पायाला बांधलेला, कधीतरी सुटून खाली बसला.

कागदावर पेन्सिलनं : 'मंडपम, १२-२-७६'. मंडपम म्हणजे तमिळनाडूचा किनारा.

शाई असती तर केव्हाच उतरली असती. पेन्सिलीचं ग्राफाइट पाण्यात, मद्यार्कात, फॉर्मॅलिनमध्ये, कशातच विरघळत नाही. बाहेरची छापील, देखणी चिठ्ठी पुरात गेली आणि आतली ही खरडलेली राहिली. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना म्हणजे नुसता शोभेचा गोळा. आता ४७ ला पत्ता मिळाला. मन्नारच्या आखातात डोलाबेला आहेतच, म्हणजे ठिकाणही जुळतं.

मामा म्हणाले, "हे अक्षर म्हाईत हाय मला."

२८ जानेवारी

विश्रामबागला सरांकडे. पूर्वी आमच्याच विभागात शिकवायचे, ते अक्षर त्यांचं. निवृत्त होऊनही बराच काळ झाला. चहाबरोबर भडंग आलं. मी आधी फोटो दाखवला, मग कागद.

सरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. त्या वर्षी ते नुकतेच नोकरीला लागले होते आणि मुलांना घेऊन सहलीला गेले होते. ओहोटीला खडकांच्या डबक्यात हा दिसला. हातात घेतला तर जांभळी शाई सोडली, रुमाल भरला. कुणीतरी म्हणालं, अप्लिसिया. शाई सोडतो, कान आहेत, झालं. परतीच्या गाडीत पत्र्याच्या डब्यात फॉर्मॅलिनचा वास सुटला म्हणून बाकीच्या प्रवाशांनी अर्धा डबा रिकामा करून दिला, ते सांगताना सर खूश होते.

शाईचं म्हणाल तर ती दोघेही सोडतात. जांभळा रंग लाल शेवाळातल्या रंगद्रव्यापासून बनतो. अप्लिसियावरच्या प्रयोगांत दिसलंय की या स्रावात अमिनो आम्लं भरपूर असतात आणि शेवंडासारखा शत्रू समोरचा ससा सोडून त्या ढगालाच अन्न समजून चिवडत बसतो. म्हणजे शाईवरून फसणारे सर पहिलेच नव्हेत.

"रुमालाचा डाग गेला का?" मी विचारलं.

"नाही गेला. का?"

अप्लिसिया या शब्दाचा ग्रीकमधला अर्थ 'न धुतलेलं, मळकट'. सर मोठ्यानं हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "तीस वर्षं मी हा अप्लिसिया म्हणून दाखवला गं. मागची चकती मला दिसायची. मला वाटायचं, डब्यात दाबला गेला."

मी त्यांना सांगितलं नाही की मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. घरी येताना वाटलं, सांगायला हवं होतं. संध्याकाळी फोन करून सांगितलं.

२ फेब्रुवारी

मुलीचं सेमिनार, विषय तिनंच निवडला : डोलास्टॅटिन. विभागात टाळ्या क्वचित पडतात, आज पडल्या.

थोडक्यात असं. अमेरिकेत अॅरिझोना राज्य विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ पेटिट यांनी हिंदी महासागरात मॉरिशसजवळ गोळा केलेल्या डोलाबेलातून कर्करोगाच्या पेशी मारणारे पदार्थ काढले. टनांच्या हिशोबात प्राणी आणि हाती मिलिग्रॅमच्या हिशोबात माल. डोलास्टॅटिन १० ची रचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशी दुभागताना तिच्या आत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या नळ्यांचा सांगाडा उभा राहतो. हे रेणू तो उभाच राहू देत नाहीत. पण नुसतं औषध म्हणून दिलं तर ते निरोगी पेशींनाही सोडत नाही. मग त्याच्या नमुन्यावर बेतलेला रेणू प्रतिपिंडाला (ठरावीक पेशींनाच चिकटणाऱ्या प्रथिनाला) बांधला, म्हणजे पत्ता लिहिलेल्या पाकिटात विष. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या अशा औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळाली, हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगासाठी.

आणि गंमत शेवटी. २००१ मध्ये तोच डोलास्टॅटिन १० पलाऊ बेटांजवळच्या एका नील-हरित जिवाणूत सापडला. म्हणजे ससा ते बनवत नाही, खाऊन साठवतो. मुलीचं वाक्य : "कारखाना दुसऱ्याचा, गोदाम याचं."

प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं, माणसं हे खातात का? फिलिपाइन्समध्ये याच्या अंड्यांच्या हिरवट माळा 'लुकोत' म्हणून खातात. फिजीत प्राणीही खातात. माळांचं चित्र दाखवलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "कुरडई!" खरंच तसंच दिसतं. प्रत्येक ससा उभयलिंगी, त्यामुळे कुरडया घालायला कुणीही चालतो.

८ फेब्रुवारी

अंतिम चिठ्ठी. दोन प्रती. एक बाहेर, एक आत, पेन्सिलनं, मुलीच्या अक्षरात. सरांचा कागद फेकला नाही. धुऊन, वाळवून, परत त्याच बरणीत सोडला. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी काढायची नसते, नवी तिच्या शेजारी घालायची. (सरांच्या कागदावर मुळात चूक नाहीच. त्यांनी फक्त ठिकाण आणि तारीख लिहिली होती.)

एक्स-रेची फिल्म कपाटाच्या काचेला आतून लावली. मामा रोज एकदा दिवा लावून बघतात.

१५ मार्च

जडवस्तू पडताळणी. हे लिहायचं नव्हतं, पण प्रकल्पाचाच भाग आहे.

नोंदवहीत 'अप्लिसिया, १ नग'. कपाटात अप्लिसिया शून्य. उलट नोंदवहीत नसलेला डोलाबेला एक. कार्यालयाचं म्हणणं, वस्तू हरवली आहे आणि एक बेहिशेबी आली आहे, दोन्हींचा खुलासा द्या. मी म्हटलं, वस्तू तीच आहे, नाव बदललं. ते म्हणाले, खुर्चीचं टेबल झालं तर आम्ही असंच लिहायचं का?

त्यातच प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर. अभ्यासक्रमात स्पॉटिंगला (नमुना बघून ओळखायच्या प्रश्नाला) अप्लिसिया आहे आणि कॉलेजकडे आता अप्लिसियाच नाही. नवा घ्यायचा तर मागणीपत्र, आणि मागणीपत्राच्या तिसऱ्या रकान्यात छापील प्रश्न : 'पूर्वीच्या वस्तूचे काय झाले?'

मी लिहिलं, 'पूर्वीही नव्हती.'

मागणीपत्र परत आलं. खाली लाल शाईत : समक्ष भेटावे, येताना वस्तू सोबत आणावी. मामा डबा धुवायला घेऊन गेलेत.